रूट नसताना मेलची रांग कशी बघितली: एका प्रवेश पोर्टलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक शिक्षण संस्था, आठ-दहा कॉलेजं आणि सगळ्यांचं मिळून एकच ऑनलाइन प्रवेश पोर्टल. संस्थेचं आणि व्हेंडरचं नाव इथे देत नाही, बाकी प्रकरण जसं घडलं तसंच आहे. विद्यार्थी पोर्टलवर आपला मेल आयडी टाकतो, त्यावर ओटीपी जातो, तो दहा मिनिटांत टाकला तर फॉर्म उघडतो, नाहीतर परत पहिल्यापासून. फी भरल्याची पावती पण मेलनेच जाते. त्या वर्षी एसएमएसवर ओटीपी द्यायची सोय नव्हती, म्हणजे मेल अडकला की मुलाचा प्रवेशच अडकला, इतकं ते सरळ होतं.

हे सगळे मेल एकाच मशीनवरून जायचे, डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर पोस्टफिक्स ३.५, हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम; बाहेर जायचे मेल तो आधी आपल्या रांगेत, म्हणजे क्यूत, ठेवतो. मशीनची देखभाल एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, बाहेरच्या व्हेंडरकडे, आणि रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे हक्क असलेलं खातं, त्यांच्याकडेच. आम्ही पोर्टलवाली टीम, आम्हाला त्या मशीनवर साधं लॉगिन होतं कारण आमच्या एक-दोन जॉब तिथे रात्री चालायच्या. सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवायची परवानगी) नाही, कुठल्या खास ग्रुपमध्ये नाव नाही, काही नाही. कागदावर ही वाटणी बरोबरच होती आणि मला आजही ती बरोबरच वाटते.

अडचण

प्रवेशाचे शेवटचे आठ-दहा दिवस राहिले आणि हेल्पडेस्कचे फोन वाढायला लागले. "सर ओटीपी येतच नाहीये", "मॅडम आला पण एक्सपायर दाखवतोय", एका मुलीचे वडील तर शेतातून दोन वेळा तालुक्याच्या सायबर कॅफेत येऊन गेले आणि दोन्ही वेळा ओटीपी वेळेत आला नाही. पोर्टलच्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवं, कारण पोर्टलच्या दृष्टीने मेल पोस्टफिक्सकडे सोपवला की काम संपलं. व्हेंडरला तिकीट टाकलं तर दोन-तीन तासांनी उत्तर, "सर, सर्व्हर अप आहे, पिंग होतोय, लोड पण काही नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते, सर्व्हर खरंच चालू होता. पण मेल सर्व्हर चालू असणं आणि मेल बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कोणी बघतच नव्हतं.

तर प्रश्न असा उभा राहिला की रूट नाही, व्हेंडर वेळेवर बघत नाही, मग रांगेत काय चाललंय हे आपल्याला स्वतःला कसं कळणार?

हातात आहे त्यात काय दिसतं

टीममध्ये सगळ्यांचा समज असा की क्यू बघायची म्हणजे रूटच लागणार. हा समज पोस्टफिक्सच्या बाबतीत अर्धाच खरा आहे, आणि या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोस्टफिक्सची रांग /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स या फोल्डरखाली असते, त्यात इनकमिंग (नुकतेच आलेले), ॲक्टिव्ह (आत्ता पाठवले जाणारे), डिफर्ड (न गेल्याने पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेले), होल्ड (रोखून धरलेले) असे कप्पे. हे कप्पे पोस्टफिक्स नावाच्या युजरच्या मालकीचे, दुसऱ्या कोणाला आत डोकावता येत नाही. डिफर्डवर एलएस (फोल्डरमधली यादी दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर परमिशन डिनाइड. क्यूशेप नावाचं छान टूल आहे, कुठल्या डोमेनचे किती मेल किती वेळ पडलेत हे तक्त्यात दाखवतं, पण ते थेट त्या फोल्डरमधल्या फायली वाचतं, म्हणून तेही नाही. पोस्टकॅट, जे एखाद्या मेलच्या आतलं दाखवतं, तेही नाही. पोस्टसुपर, ज्याने मेल डिलीट किंवा होल्ड करता येतो, ते तर फक्त रूटचंच. आणि हे सगळं असंच असायला पाहिजे.

पण मेलक्यू, म्हणजेच पोस्टक्यू -पी, ही रांगेची यादी दाखवणारी कमांड साध्या युजरला चालते! कारण पोस्टक्यू स्वतः त्या फायली वाचत नाहीच. तो प्रोग्रॅम पोस्टड्रॉप या ग्रुपचे हक्क घेऊन चालतो, त्या हक्कावर पब्लिक नावाच्या फोल्डरमधल्या एका सॉकेटपर्यंत (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची जागा) पोचतो, आणि पलीकडे शोक्यू नावाची पोस्टफिक्सचीच सर्व्हिस रांग वाचून यादी हातात देते. बँकेच्या तिजोरीच्या खोलीत आपल्याला प्रवेश नसतो पण खिडकीवरचा माणूस आत बघून किती शिल्लक आहे ते सांगतो, तसंच हे. आणि ही यादी कोणाला द्यायची हे ऑथराइज्ड_मेलक्यू_यूजर्स या सेटिंगवर ठरतं, ज्याची डिफॉल्ट किंमत आहे "कोणीही". आमच्या मशीनवर ती बदललेली नव्हती. ते कसं कळलं? पोस्टकॉन्फ या कमांडने, तीही साध्या युजरला चालते कारण मुख्य कॉन्फिग फाइल सगळ्यांना वाचता येते. त्याच कमांडने आम्ही बाकीचे आकडे पण काढून घेतले: डिफर्ड रांग दर ३०० सेकंदांनी तपासली जाते, पुन्हा प्रयत्नाआधीचा थांबा कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त ४००० सेकंद, आणि मेल रांगेत राहण्याची मुदत ५ दिवस. सगळं डिफॉल्ट, कोणी हात लावलेला नाही. हे आकडे पुढे फार कामाला आले.

प्रोसेसचं म्हणाल तर पीएस, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड, तिला पण रूट लागत नाही. मास्टर ही मुख्य प्रोसेस रूटच्या नावाने दिसते, क्यूएमजीआर (रांग सांभाळणारा क्यू मॅनेजर) आणि पिकअप पोस्टफिक्स युजरच्या नावाने, आणि मेल बाहेर नेणाऱ्या एसएमटीपी नावाच्या प्रोसेस किती चालू आहेत तेही मोजता येतं. इथे एक बारीक गोष्ट: नावाने प्रोसेस शोधणाऱ्या पीग्रेपने एसएमटीपी शोधलं तर आत येणाऱ्या मेलवाल्या एसएमटीपीडी पण मोजल्या जातात, म्हणून -एक्स लावून अचूक नावच शोधायचं. काही ठिकाणी प्रॉक फाइलसिस्टिम हाइडपिड लावून माउंट केलेली असते, तिथे दुसऱ्याच्या प्रोसेस दिसणारच नाहीत. आमच्याकडे तसं नव्हतं.

हे सगळं पोस्टफिक्स होतं म्हणून. एक्झिम या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये डिफॉल्टलाच साध्या युजरला दुसऱ्यांचे मेल यादीत दिसत नाहीत, आणि सेंडमेलमध्ये ॲडमिनने मेलक्यूवर बंधन घातलेलं असू शकतं. तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवर हाच रस्ता चालेल असं धरून चालू नका.

कोणते पर्याय होते

एका संध्याकाळी टीम बसली. पहिला पर्याय सरळ, संस्थेकडून दबाव आणून रूट मागायचं. दुसरा, सुडोमध्ये ठरावीक दोन-चार कमांड मागायच्या. तिसरा, लॉग वाचायची परवानगी, कारण डेबियनवर मेल.लॉग ही फाइल एडीएम ग्रुपला वाचता येते, म्हणजे त्या ग्रुपमध्ये आमचं एक नाव टाकलं की झालं. चौथा, कोणाला काही न मागता पोस्टक्यूवरच आपली स्क्रिप्ट बांधायची. पाचवा, रांगेकडे बघायचंच नाही, दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका मेलबॉक्सवर चाचणी मेल पाठवून तो कधी पोचला ते मोजायचं. सहावा म्हणजे हा सर्व्हरच सोडून बाहेरची पैसे देऊन घ्यायची मेल सेवा, पण प्रवेशाच्या ऐन गर्दीत ते करणं म्हणजे नवीन आयपी, नवीन डीएनएस नोंदी, तो विषय पुढे ढकलला.

पाचवा पर्याय मला वैयक्तिक फार आवडतो कारण शेवटी मुलाला मेल मिळाला का हेच तो मोजतो. पण तो फक्त उशीर झाला एवढंच सांगतो, का झाला ते नाही. चौथा कारण सांगतो. म्हणून ठरलं की चौथा लगेच आजच, तिसऱ्यासाठी लेखी विनंती, आणि पाचवा जमेल तसा.

रूट पासवर्ड मिळत होता तेव्हा

त्याच रात्री एक प्रसंग आला. फोन फार वाढले म्हणून आमच्या मॅडमनी व्हेंडरच्या इंजिनिअरला थेट फोन लावला. बिचारा दुसऱ्या क्लायंटकडे अडकला होता, तो म्हणाला, "मॅडम, मी रूटचा पासवर्ड व्हॉट्सॲप करतो, तुम्हीच बघून घ्या ना." मॅडम क्षणभरही न थांबता नको म्हणाल्या. त्या वेळी टीममधल्या दोघा-तिघांना ते पटलं नाही, बाहेर मुलं अडकलीत आणि आपण नियम काय बघतोय असं त्यांचं म्हणणं, आणि भावना चुकीची नव्हती.

पण मॅडमचं म्हणणं असं की एक तर तो पासवर्ड त्या इंजिनिअरने द्यायचा नाहीच आहे, त्याच्या कंपनीला कळलं तर त्याची नोकरी जाईल. दुसरं, आपण आत जाऊन काही केलं आणि नंतर रांग उडाली तर कोणी काय केलं हे कोणालाच सांगता येणार नाही कारण दोघंही रूटच. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे आपल्याला आत्ता बघायचंय, बदलायचं नाहीये, आणि बघायला रूट लागत नाही हे आपण दुपारीच सिद्ध केलंय, मग रूट घेऊन त्यावर स्क्रिप्ट बांधली तर उद्या पासवर्ड बदलल्यावर ती बंद पडणार. हा निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणेन, मात्र नको म्हणताना त्याच फोनवर एडीएम ग्रुपची मागणी करून टाकायला हवी होती, त्याला ते दोन मिनिटांचं काम होतं, ते राहून गेलं आणि लेखी विनंतीतून मिळायला चार दिवस लागले.

स्क्रिप्ट

पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यू -जे हा पर्याय आहे, तो रांगेतला एकेक मेल एकेका ओळीत जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचायला सोप्या मांडणीत) देतो: कुठल्या कप्प्यात आहे, कधी आला, साइज, पाठवणारा, कोणाकोणाला जायचाय, आणि अडकला असेल तर प्रत्येक पत्त्यापुढे कारण. -पी चं आउटपुट माणसाला वाचायला बरं, तिथे ॲक्टिव्ह मेलच्या आयडीपुढे चांदणी आणि होल्डवाल्यापुढे उद्गारचिन्ह असतं, पण ते स्क्रिप्टने तोडत बसण्यापेक्षा -जे कितीतरी सरळ.

पायथनची पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट झाली, क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून, दर पाच मिनिटांनी. दर मिनिटाला का नाही, तर शोक्यूला यादी करायला प्रत्येक मेलची फाइल उघडावी लागते, रांग मोठी असेल आणि डिस्क आधीच दमलेली असेल तर आपलं बघणंच तिला आणखी दमवतं. म्हणून पाच मिनिटं, आणि कमांडला टाइमआउट लावून, म्हणजे मागची संपली नाही तोवर पुढची असं एकावर एक साचत नाही.

एक सापळा चालू करायच्या आधीच टेस्टिंगमध्ये पकडला, तो सांगायलाच हवा. रांग रिकामी असेल तर पोस्टक्यू -जे काहीच छापत नाही. आणि पोस्टफिक्स बंद असेल तर साध्या युजरला "क्यू रिपोर्ट अनअव्हेलेबल, मेल सिस्टिम इज डाउन" अशी एरर मिळते, पण ती एररच्या वाटेने जाते, आउटपुटच्या वाटेवर तेव्हाही शून्य ओळी. रूट असता तर पोस्टक्यूने इशारा देऊन थेट फायली वाचून दाखवल्या असत्या, आपल्याला ती सोय नाही. म्हणजे नुसत्या ओळी मोजल्या तर "सगळं छान" आणि "सगळं बंद" दोन्हीचं उत्तर शून्य! म्हणून एक्झिट कोड, म्हणजे कमांड नीट संपली की नाही हे सांगणारा आकडा, बघायचाच, आणि शेलमध्ये पाइप वापरत असाल (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देत असाल) तर पाइपफेल लावायचं, नाहीतर शेवटच्या कमांडचाच कोड मिळतो. आमच्या ग्राफवर तीन वेगळ्या अवस्था ठेवल्या: आकडा, रिकामी, आणि "कळत नाही". ही तिसरी अवस्था लाल.

रांगेतून काय कळलं

पहिल्या तासाभरातच चित्र समोर आलं. रांगेत तीनेक हजार मेल, जवळजवळ सगळे डिफर्डमध्ये, आणि त्यातले बहुतेक एकाच मोठ्या मोफत मेल सेवेच्या पत्त्यांवर जाणारे. कारणांचा गठ्ठा केला तर दोनच प्रकार. थोड्या मेलवर समोरच्या सर्व्हरने कनेक्शनवरच ४२१ कोड (आत्ता सेवा देता येत नाही, नंतर या) देऊन बोलायला नकार दिलेला. आणि बाकी प्रचंड संख्येच्या मेलवर "डिलिव्हरी टेम्पररिली सस्पेंडेड" आणि पुढे तेच ४२१ वालं कारण.

हा दुसरा प्रकार नीट समजून घ्यायला आम्हाला थोडा वेळ लागला. एखाद्या ठिकाणाशी जोडणीच होत नाहीये असं दिसलं की पोस्टफिक्सचा क्यू मॅनेजर ते ठिकाण काही काळासाठी बंद धरतो, आणि तोवर तिकडे जाणारे नवीन मेल प्रयत्न न करताच डिफर्डमध्ये टाकतो. वागणं शहाणपणाचंच आहे, बंद दारावर हजार वेळा डोकं आपटण्यात अर्थ नाही. पण आमच्या ओटीपीचं काय झालं बघा. मुलाने बटण दाबलं, मेल पोस्टफिक्सकडे आला, त्या क्षणी ठिकाण बंद धरलेलं, मेल एकदाही बाहेर न पडता डिफर्डमध्ये. आता कमीत कमी पाच मिनिटं थांबा, वर डिफर्ड रांग पाच मिनिटांनीच तपासली जाते, म्हणजे दुसरी संधी पाच ते दहा मिनिटांच्या मध्ये कुठेतरी. तीही हुकली तर पुढचा थांबा आणखी लांब, वाढत वाढत ४००० सेकंद म्हणजे तासाभराच्या वर. आणि ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं. मुलं वैतागून परत परत बटण दाबणार, त्यातून आणखी मेल, आणि मग तासाभराने एकदम पाच ओटीपी येणार, पाचही मेलेले.

समोरच्याने ४२१ का दिला, हेही त्याच यादीतून निघालं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यांवरून. रांगेतल्या बहुतेक मेलचा पाठवणारा पोर्टल नव्हताच. संस्थेच्या प्रसिद्धी विभागाने "प्रवेश सुरू" अशी हजारो पत्त्यांवरची मेल त्याच सर्व्हरवरून सोडली होती, जुनी यादी, त्यात बरेच पत्ते बंद पडलेले. समोरून बघितलं तर एका आयपीवरून अचानक लोंढा, म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

फ्लश करायचं का

इथे सगळ्यात मोठा मोह होता. पोस्टक्यू -एफ, म्हणजे अडकलेलं सगळं आत्ताच्या आत्ता परत पाठवायचा प्रयत्न कर, ही कमांडसुद्धा डिफॉल्टला साध्या युजरला चालते! टीममधला एक मुलगा म्हणाला क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी टाकून देऊ, एक ओळीचं काम आहे. आम्ही एकदा हाताने मारून बघितली, डोळे आलेखावर ठेवून. हजारो मेल एकदम ॲक्टिव्हमध्ये गेले, समोरच्याने पुन्हा ४२१ दिला, सगळे परत डिफर्डमध्ये, आणि त्या गोंधळात इतर डोमेनवर जाणारे चांगले मेल पण मागे पडले. पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट इशारा आहे की न जाणारे मेल वारंवार फ्लश केले तर बाकी सगळ्या मेलची डिलिव्हरी बिघडते. अगदी तेच डोळ्यासमोर झालं.

पोस्टक्यू -आय ने एकच मेल पुढे ढकलता येतो, तोही विचार केला, फक्त ओटीपीवाले निवडून ढकलायचे. पण दार तेच, आणि ओटीपी तोवर बहुतेक मेलेला. म्हणून ठरलं की आपण रांगेला हात लावायचा नाही, ज्याचं काम आहे त्याच्यापुढे पुरावा ठेवायचा. लोंढा थांबवणं हाच इलाज होता आणि तो आमच्या परवानगीत नव्हता, प्रसिद्धी विभागाच्या आणि व्हेंडरच्या हातात होता.

अलर्ट कशावर

पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो, रांग अमुक आकड्याच्या वर गेली की अलर्ट. आम्ही तो सोडला. सामूहिक मेल सुटल्यावर रांग दोन हजार होणं हे नेहमीचंच, त्यात कोणाचं काही बिघडत नाही, आणि रांगेत नुसते तीस मेल असतील पण तीसही ओटीपी आणि पंधरा मिनिटं जुने असतील तर तीस मुलं अडकलेली आहेत. म्हणून मोजायचं ते सगळ्यात जुन्या ओटीपी मेलचं वय. त्यासाठी पोर्टलमध्ये एक छोटा बदल केला, ओटीपीचा पाठवणारा पत्ता वेगळा आणि पावतीचा वेगळा, म्हणजे यादीत लगेच ओळखू येतो. हा बदल पूर्ण आमच्या हातातला, कोणाची परवानगी नको. वय तीन मिनिटांच्या वर गेलं की पिवळा, सहाच्या वर लाल.

आणि अलर्ट मेलने पाठवायचा नाही हे पहिल्या मिनिटाला ठरलं, कारण तो त्याच रांगेत जाऊन बसणार. टेलिग्रामच्या ग्रुपवर पाठवला, वेबच्या वाटेने. शिवाय स्क्रिप्ट दर वेळी दुसऱ्या एका मशीनला "मी जिवंत आहे" एवढं सांगते, ते यायचं थांबलं तर ते दुसरं मशीन ओरडतं, नाहीतर मेल सर्व्हरच बसला तर ओरडणारं कोणी उरत नाही.

विद्यार्थ्यांचे पत्ते

या भागाकडे लोक लक्ष देत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. जी सोय आम्हाला मिळाली तीच त्या मशीनवर लॉगिन असलेल्या प्रत्येकाला होती, म्हणजे मेलक्यू मारलं की हजारो मुलांचे मेल पत्ते समोर. आम्ही स्क्रिप्टमध्ये पत्त्याचा पहिला भाग टाकून देऊन फक्त डोमेन ठेवलं, कारणाच्या मजकुरात कधी कधी पूर्ण पत्ता येतो तोही झाकला, आणि नोंदींची फाइल फक्त आमच्याच युजरला वाचता येईल अशी ठेवली. मग व्हेंडरला लेखी सुचवलं की ऑथराइज्ड_मेलक्यू_यूजर्समध्ये फक्त आमचा देखरेखीचा युजर ठेवा, आणि ऑथराइज्ड_फ्लश_यूजर्समध्ये कोणीच नको, आम्हीसुद्धा नको. रूट आणि पोस्टफिक्सच्या स्वतःच्या युजरला हे हक्क कायमच असतात, त्यांचं काही अडत नाही. टीममध्ये यावर वाद झाला, आपणच आपला हक्क का कमी करून घ्यायचा म्हणून. पण फ्लशने काय होतं हे आपण बघितलंय, मग ती कमांड घाईत कोणाच्याही हाताशी कशाला ठेवायची?

बैठक आणि झालेले बदल

तीन दिवसांचा आलेख, कारणांचा तक्ता आणि पाठवणाऱ्यांची विभागणी घेऊन संस्थेच्या सचिवांसमोर बैठक झाली, व्हेंडर आणि प्रसिद्धी विभाग दोघंही. आधीच्या बैठकांमध्ये "तुमचा सर्व्हर", "तुमचं पोर्टल" हेच चालायचं. या वेळी व्हेंडरच्या सरांनी तक्ता बघितला आणि दहा मिनिटांत मान्य केलं की एकाच रांगेत दोन्ही प्रकारचे मेल नकोत. प्रसिद्धी विभागाने सामूहिक मेल त्याच दिवशी थांबवले, आणि व्हेंडरने रांगेतले उरलेले होल्डवर टाकले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पोस्टमल्टी वापरून सामूहिक मेलसाठी पोस्टफिक्सची वेगळी इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणारी दुसरी प्रत, उभी केली, वेगळ्या आयपीवर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: नुसतं पोस्टक्यू मारलं तर मुख्य इन्स्टन्सचीच रांग दिसते, दुसरीसाठी -सी लावून तिचं कॉन्फिग फोल्डर सांगावं लागतं, आणि साध्या युजरला ते तेव्हाच चालतं जेव्हा ते फोल्डर मुख्य कॉन्फिगमध्ये नोंदवलेलं असतं. पोस्टमल्टीने उभी केली तर ती नोंद होते. हाताने केली असती तर आमची स्क्रिप्ट तिथे अडली असती. आम्ही आमच्या बाजूने ओटीपीची मुदत दहावरून तीस मिनिटं केली आणि एका मिनिटात दुसऱ्यांदा बटण दाबता येणार नाही अशी सोय केली.

निकाल

दार उघडायला दीड-दोन दिवस लागले, म्हणजे समोरच्या सेवेने ४२१ देणं हळूहळू कमी केलं. त्यानंतर ओटीपीचं वय बहुतेक वेळ एका मिनिटाच्या आत. प्रवेशाची मुदत संस्थेने तीन दिवस वाढवली, आणि सचिवांनी ती वाढवताना आमचाच आलेख आधार म्हणून जोडला, त्या मुलांची चूक नव्हती हे कागदावर दिसलं याचं मला खूप समाधान आहे. पण सगळी मुलं परत आली असं म्हणता येत नाही. ज्यांनी कंटाळून दुसरीकडे प्रवेश घेतला त्यांचा आकडा आमच्याकडे नाही.

एडीएम ग्रुप मिळाल्यावर लॉगही दिसायला लागला, ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करेपर्यंत लागू होत नाही हे मात्र विसरू नका. लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे डिलेज म्हणून चार आकडे असतात: क्यू मॅनेजरच्या आधीचा वेळ, क्यू मॅनेजरमधला, जोडणीचा, आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा. डिफर्डमध्ये थांबून परत आलेल्या मेलचा तो थांबलेला वेळ पहिल्या आकड्यात धरला जातो, म्हणून पहिला आकडा मोठा दिसला की लगेच पोर्टल हळू आहे असं समजायचं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणी मेलचा पर्याय आम्ही मागे ठेवला, तो पहिल्या दिवशीच लावायला हवा होता. रांग स्वच्छ दिसत असताना मेल स्पॅममध्ये जात असेल तर ते पोस्टक्यूला कधीच कळणार नाही, आणि काही मुलांच्या बाबतीत तसं झालं असण्याची शक्यता आहे. दुसरं, कोणाला काय बघता येईल हे एएमसीच्या करारातच लिहून घ्यायला पाहिजे: रांगेची यादी, लॉगचं वाचन, कॉन्फिगचं वाचन, आणि बदल मात्र कशातच नाही. हे प्रवेशाआधी दोन महिने मागितलं असतं तर व्हेंडरने आनंदाने दिलं असतं, आग लागल्यावर मागितलं की प्रत्येक परवानगीवर संशय येतो.

तिसरं, सामूहिक मेल कोण कधी सोडणार याचं साधं वेळापत्रक. संस्थेत ते आता आहे, शेवटच्या दहा दिवसांत एकही सामूहिक मेल नाही.

सध्या व्हेंडर हे मशीन रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर हलवतोय. तिथे मेललॉग फाइल डिफॉल्टला फक्त रूटलाच वाचता येते, एडीएम ग्रुपचा रस्ता चालत नाही. सेटएफएसीएल या कमांडने आमच्या युजरला वाचनाचा हक्क देता येतो पण ठरावीक काळाने लॉगची फाइल बदलणाऱ्या लॉगरोटेटने नवीन फाइल केली की तो हक्क तिच्यावर राहीलच याची खात्री नाही, म्हणून हक्क देण्याची ओळ लॉगरोटेटच्या कॉन्फिगमध्येच, रोटेशननंतरच्या भागात टाका अशी विनंती स्थलांतराच्या यादीत घातली आहे. त्याच यादीत ऑथराइज्ड_मेलक्यू_यूजर्समध्ये आमचं नाव राहिलंय ना हे हलवल्या दिवशीच तपासायचं, हेही लिहिलंय.